बापाची बोट दाजींच्या हाती पडू नये म्हणून

मी, ब्रॅडी लायल हॉगस्टाड, वय चोवीस, मूळ राहणार विस्कॉन्सिन, मिसिसिपीकाठ, सध्या नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरीवर कामाला, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, आज बिअरला हात लावलेला नाही, आणि हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने करीत नाही. रागाने करतो आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. शाळा दहावीत सोडली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये.

कारण असे. परवा आमच्यातला एक जण विहिरीच्या मनोऱ्यावर नव्वद फुटांवरच्या फळीवरून पडून गेला. त्याचे सामान न्यायला मेहुणा आला, त्याने टोपीसुद्धा काढली नाही, आधी विचारले, "गाडीची चावी कुठाय?" त्याच दिवशी माझे मेहुणे, म्हणजे थोरली बहीण मार्नी हिचे यजमान ट्रेंट, यांचा निरोप आला: "ब्रॅडी, तू काय आता परत येत नाहीस. तुझ्या बाबांच्या बोटीचे कागद माझ्या नावावर करून टाक. जूनमध्ये मासेमारीची स्पर्धा आहे." पडलेल्याच्या जागी उद्यापासून मी चढणार आहे. म्हणून ही लिखापढी.

कलम पहिले. माझी पिकअप जिथे शेवटची बंद पडेल तिथेच सोडावी. पाने आणि पकडी खोलीतल्या ड्वेनला. विचारल्याशिवाय तो आताही वापरतोच.

कलम दुसरे. मला घरी न्यावे. पाद्र्याने लांबण लावू नये, मी चर्चमध्ये कितीदा गेलो ते त्याला माहीत आहे. नंतर चर्चच्या तळघरात जेवणाला बटाट्याचे हॉटडिश असेलच. दाजींनी दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये.

कलम तिसरे. बाबा गेल्यावर माझ्या नावावर झालेली त्यांची सोळा फुटी चपट्या तळाची बोट, जिग ओतायचा साचा आणि शिसे वितळवायचे भांडे ही तिन्ही माझ्या पश्चात मार्नीला मिळावीत. ट्रेंट यांना यातले काहीही मिळू नये, याची कारणे खाली देत आहे.

बाबांची जिग म्हणजे शिशाच्या टोकदार डोक्याचा, झालर लावलेला गळ, मागे वळवळणारी रबरी शेपटी. ती तळाशी आपटायची नसते, गवतावरून पोहवायची असते. दाजी ती कधी पोहवतात? थंड वारा येऊन गेल्यावर, आभाळ स्वच्छ निळे असताना, भर उघड्या पाण्यात. मासे तेव्हा गवताच्या बुडाशी तोंड घालून पडलेले असतात. मग म्हणतात, "नदीत मासाच राहिला नाही." ढग असावेत, थोडा वारा असावा, कमळपाने नुकतीच वर आलेली असावीत, हे आमच्याकडे शेंबडे पोर सांगेल. गढूळ पाण्यात काळी-निळी जिग, चंदेरी पिल्लांचे थवे फिरत असले तर पांढरी, आणि जूनमध्ये ब्लूगिल मासे घरटी करून बसले की हिरवट-तपकिरी. दाजींकडे एकच रंग, गुलाबी, कारण तो दुकानात उठून दिसला. गवत अडकू नये म्हणून गळापुढे प्लास्टिकचे केस असतात, ते थोडे कापून विरळ करायचे असतात, नाहीतर गळ माशाच्या तोंडात बसत नाही. दाजी ते तसेच ताठ ठेवतात. माणूस झाडू घेऊन शिकारीला जातो.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिघे बॅकवॉटरला गेलो. दाजी पुढे उभे, मार्नी मागे. जिगला टक् झाले. दाजींनी असा झटका दिला की जिग उडून त्यांच्याच टोपीत रुतली.

मार्नी म्हणाली, "अरे, झटका देऊ नको रे. टक् झालं तरी दोरी गुंडाळत राहा. वजन बसू दे, मग उचल."

"तू मला शिकवतेस? सँडविच दे इकडे."

तिने सँडविच दिले. ते टोपी सोडवत बसले, तेवढ्यात तिने त्यांचाच रॉड घेतला, जिगचे केस दातांनी तोडले, आणि जिग पानांच्या पलीकडे टाकली. रॉडचे टोक वर, मनगट थरथरते, गुंडाळणे एकसारखे. पान आडवे आले तरी थांबली नाही, जिग वरून सरकू दिली. टक् झाले. ती गुंडाळतच राहिली. मग रॉड वाकला. पाच पौंडांचा बास मासा.

दाजी म्हणाले, "माझ्याच रॉडवर लागला ना? मग माझाच."

त्या माशाचा फोटो गावच्या बारमध्ये लावलाय. मासा दाजींच्या हातात, मार्नीचे फक्त कोपर दिसते. त्यानंतर तिला बोटीत घेतलेले नाही, "स्पर्धेच्या बोटीत दोनच माणसं" म्हणे, आणि दुसरा माणूस त्यांच्या ऑफिसातला. आणि मी? मी त्या दिवशी हसलो, दुसरी बिअर उघडली आणि आठवड्याने इकडे पळून आलो. त्यात माझीही लायकी लिहिली गेली.

कलम चौथे. दाजींना बारा गुलाबी जिग, केस न कापता.

इथवर लिहून साक्षीसाठी ड्वेनला वाचायला दिले. वाचून म्हणाला, "हे सगळं तू मेल्यावर ना?"

"मग? मृत्युपत्र आहे, गाढवा."

"आणि नाही मेलास तर? ती बाई काय काठावर बसून तुझ्या पडण्याची वाट बघणार? तुझ्यापेक्षा तो मेहुणा बरा, सरळ मागतो तरी."

सबब कलम तिसरे मी स्वतः खोडले आहे. बोटीच्या कागदामागे मार्नीच्या नावे सही करून तो आजच्या टपालाने पाठवला. साचा आणि भांडे गॅरेजमध्ये आहेत, तीही आजपासून तिचीच. जे माझे नाही ते मृत्युपत्रात येत नाही. मार्नी, ब्लूगिल बसायला दोन आठवडे आहेत. पुढे तू उभी राहा. दाजींना न्यायचे की नाही ते तू ठरव.

मी पडलो काय, न पडलो काय, दाजींचा आता त्यात काही फायदा नाही.

वरील मजकूर माझ्याच अक्षरात आहे, वाईट असले तरी.

ब्रॅडी लायल हॉगस्टाड (सही)

आमच्यासमोर सही केली, शुद्धीत होता, तोंड मात्र खराब:
१. ड्वेन पिकार्ट
२. ऑर्विल टू बेअर्स, स्वयंपाकी

कामगार छावणी, विलिस्टनच्या उत्तरेस
२८ मे २०१९