अक्रोडाची तिसरी फळी

मी, हार्लन ब्रेनेमन, राहणार हेमलॉक रन, पेनसिल्वेनिया, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा रायफलींचे लाकडी दस्ते घडवणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्या छातीत अक्रोडाचा भुसा भरला आहे, डोक्यात मात्र नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको आर्लीन, आणि ती माझ्या आधी गेली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे तिच्याच नावावर केले होते.

माझ्या वकीलबाई नॅडीन फ्राय यांचे म्हणणे आहे की मृत्युपत्रात गप्पा मारू नयेत. मी त्यांना सांगितले की कारण न सांगता वस्तू देणे मला जमत नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचे टोपण काढले.

कलम १. राहते घर, मागची कार्यशाळा आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी मुलगी ट्विला हिला द्यावी. स्वयंपाकघराचे दार पावसाळी हवेत अडकते. लोखंड आणि लाकूड यांच्यात केस जाणार नाही अशी खोबण मी आयुष्यभर कोरली, पण त्या दाराला कधी हात लावला नाही. आर्लीन पाहुण्यांना ते दार मुद्दाम उघडायला लावायची आणि म्हणायची, "जोर लावा. आमच्याकडे कारागीर राहतो."

कलम २. बँकेतली शिल्लक माझा मुलगा गेलन याला द्यावी. तो ॲरिझोनात असतो. त्याला बंदुकीच्या आवाजाने लहानपणापासून डोकेदुखी होते, त्यामुळे बाकी कशात त्याला रस नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. फक्त त्याने अंत्यविधीनंतरचे जेवण गावच्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्येच द्यावे, म्हणजे चिकन-मक्याचे सूप तिथल्या बायकांच्या हातचे होईल. हॉटेलातले मागवू नये.

कलम ३. पटाश्या, कानशी आणि हातरंधे रूबेन लॅप या सुताराला द्यावेत. तो आमिश, म्हणजे विजेची यंत्रे टाळणाऱ्या पंथाचा. तो स्वयंपाकघरातली कपाटे करतो आणि धार हातानेच लावतो. नक्कल करून दस्ते कापणारे यंत्र वाटेल त्याला विकावे. ते यंत्र मी हौसेने आणले आणि ते आल्यापासून मला झोपाळू वाटू लागले.

कलम ४. हा कागद कोर्टात कोणी वाचला तर त्यांना आमचा खेळ ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्या खेळात कोणी पळत नाही आणि काही मरत नाही. दगडी टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल, समोर गवतात वाऱ्याचे छोटे झेंडे, आणि लांबवर कागद. त्या कागदावर पाच गोळ्या शक्य तितक्या जवळजवळ मारायच्या. ज्याचा पुंजका सर्वांत लहान, तो जिंकला. उत्तम नेमबाजाच्या पाचही गोळ्या एकाच भोकातून जातात.

आर्लीनने पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा ती म्हणाली, "पाच मारल्या आणि भोक एकच? मग एकच मार की. चार वाचतील."

या सगळ्यात माझे काम दस्त्याचे, म्हणजे लोखंड ज्यात बसते त्या लाकडाचे. गोळी सुटल्यावर रायफल मागे सरकते. ती सरळ रेषेत सरकली पाहिजे आणि पुन्हा तिथेच बसली पाहिजे. लाकूड कुठे ओढते, कुठे फुगते, कुठे थरथरते, हे सगळे त्या पुंजक्यात उतरते. निदान मी तरी आजवर असेच मानत आलो.

कलम ५. आता मुद्द्याचे. कार्यशाळेच्या माळ्यावर जुन्या रजईत गुंडाळलेली अक्रोडाची एक फळी आहे. माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यामागचे झाड वादळात पडले, त्याच्या बुंध्यातून शेजारीशेजारी कापलेल्या तीन फळ्यांपैकी ही मधली. दोन्ही बाजूंच्या फळ्यांचे मी दोन दस्ते केले. साचा एक, हात एक, तेल एक. पहिला तयार झाला तो ट्विलाला दिला. दुसरा वेंडेल क्रायडरला.

वेंडेल माझा मित्र. आमची ओळख त्याच्या चुकीने झाली. क्लबात तो नवीन होता, शेजारच्या टेबलावर बसला होता, आणि वाऱ्याचे झेंडे बघता बघता त्याने शेवटची गोळी माझ्या कागदावर मारली. माझ्या सुंदर पुंजक्याशेजारी त्याचे भोक! टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माफ करा, पण नेम चांगला लागलाय ना?" त्या दिवसापासून आम्ही शेजारीच बसू लागलो, आणि एकमेकांच्या घरात दार न वाजवता जाऊ लागलो.

तर ट्विलाच्या दस्त्यावर तिने राज्याच्या स्पर्धा जिंकल्या. वेंडेलच्या रायफलीने मात्र त्याचा जीव काढला. पहिल्या तीन गोळ्या एकाच भोकातून, आणि चौथी उजवीकडे. त्याने नळी बदलली, दुर्बीण बदलली, गोळ्यांतली दारू बदलली. चौथी उजवीकडेच. शेवटी एका स्पर्धेनंतर, सगळे सँडविच खात असताना, तो सर्वांसमोर म्हणाला, "चांगली फळी तू घरात ठेवलीस, हार्लन. मुलीसाठी. मीही तेच केलं असतं, पण तोंडावर सांगितलं असतं."

मी म्हणालो, "दोन स्क्रू काढ आणि लाकडं अदलाबदल करून बघ."

"माझी रायफल तुझ्या हातात? पुन्हा? नको बाबा."

त्यानंतर तो दुसऱ्या टोकाच्या टेबलावर बसू लागला. चर्चमध्ये नमस्कार होतो, तेवढाच.

मला याचे दुःख आहे, ते मी लपवत नाही. पण त्याहून मला छळतो तो प्रश्न. फळ्या हातात घेतल्या तेव्हा मला काहीच फरक दिसला नव्हता. मग माझ्या बोटांना काही कळले होते का? मी मित्राला नकळत फसवले का? दोष लाकडात आहे की नाही, हे मला मरण्यापूर्वी जाणून घ्यायचे होते. आता ते राहूनच जाणार असे दिसते.

म्हणून मधली फळी वेंडेल क्रायडरला द्यावी, एका अटीवर. त्याने आपल्या रायफलीचे लाकूड ट्विलाच्या लाकडाशी बदलावे, दोघांनी क्लबात पाच-पाच गोळ्या माराव्यात, आणि ते कागद माझ्या थडग्याला टाचणीने लावावेत.

वकीलबाई म्हणाल्या, "थडग्याला टाचणी लागत नाही."

मी म्हणालो, "मग दगड ठेवा त्यावर."

कलम ६. कलम ५ रद्द समजावे. वकीलबाईंनी पूर्ण पानच नव्याने लिहू असे सुचवले होते. मी नको म्हणालो, कारण ते रद्द का झाले हे कळायला ते राहिले पाहिजे.

मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून ट्विलाला मसुदा वाचायला दिला होता. तिच्या पोटात काही राहत नाही, आईवर गेली आहे. शुक्रवारी सकाळी अंगणात वेंडेलची गाडी उभी राहिली. तो आत आला, टोपी न काढता खुर्चीवर बसला आणि माझ्या नाकातली ऑक्सिजनची नळी बघत राहिला.

"मेल्यावर कशाला?" तो म्हणाला. "रायफल गाडीत आहे. चल, उठ."

"मला उठता येत नाही, लेका."

"मग उचलतो. तुझ्यात आता वजन राहिलंय कुठे?"

ट्विलाने चाकांची खुर्ची गाडीत टाकली आणि आम्ही तिघे क्लबावर गेलो. माझ्या डोळ्यांदेखत तिने लाकडे बदलली. आधी ती बसली, तिचे लोखंड वेंडेलच्या दस्त्यात. पाचही गोळ्या एकाच भोकातून. वेंडेलचा चेहरा पडला. मग तो बसला, त्याचे लोखंड ट्विलाच्या दस्त्यात. एक, दोन, तीन, एकच भोक. चौथी उजवीकडे.

ट्विलाने लाकडे पुन्हा जागच्या जागी बसवली आणि म्हणाली, "काका, उठा जरा." ती वेंडेलच्याच रायफलीमागे बसली. त्याचे लोखंड, त्याचे लाकूड, त्याच्याच गोळ्या. पाचही एका भोकातून.

मग मी त्याला परत बसायला सांगितले आणि या खेपेला कागदाकडे बघितलेच नाही. वेंडेलकडे बघितले. इतकी वर्षे मी लाकूड बघितले, तेल बघितले, स्क्रू बघितले, पण त्याच्याकडे बघायचे मला सुचलेच नव्हते. तिसऱ्या गोळीनंतर तो दुर्बिणीतून आपला पुंजका बघतो. खूश होतो. आणि खुशीत त्याचा अंगठा, इतका वेळ हवेत असलेला, हळूच दस्त्यावर येऊन बसतो आणि लाकूड जरासे उजवीकडे ढकलतो.

"अंगठा," मी म्हणालो.

त्याने खाली बघितले. त्याचा अंगठा लाकडावर होता. बराच वेळ तो त्याच्याकडे दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बघत राहिला.

"हा कधी आला इथे?"

"तिसऱ्यानंतर. खूश झालास की येतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी..." तो म्हणू लागला. मग खो खो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मीही हसलो, पण मला हसले की खोकला येतो, म्हणून ट्विलाने दोघांनाही गप्प केले.

परत येताना मी म्हणालो, "फळी तुझीच. अट पुरी झाली."

"नको," तो म्हणाला. "तुझ्या कागदावर साक्षीला कोण कोण आहे?"

"हिल्डा मोझर, शेजारीण. दुसरं कोणी ठरलं नाही. पण ज्याला काही मिळतं त्यानं सही करायची नाही, असं वकीलबाई म्हणतात. नंतर भांडणं होतात."

"मग मला काही देऊ नकोस. मला सही करायची आहे."

कलम ७. तेव्हा मधली फळी ट्विलाला द्यावी. तिने तिचे काय करावे, कोणासाठी दस्ता करावा आणि त्यात अंगठ्याला टेकायला जागाच राहू नये म्हणून तो कसा कोरावा, हे तिचे तिने बघावे. वकीलबाईंनी हे वाक्य दोनदा वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि राहू दिले.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: हेमलॉक रन, पेनसिल्वेनिया
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१६

(सही) हार्लन ब्रेनेमन

साक्षीदार १: (सही) हिल्डा मोझर, शेजारीण. हार्लन ब्रेनेमन यांनी माझ्यासमोर सही केली. त्या वेळी ते शुद्धीवर होते आणि माझ्या केकला नावे ठेवत होते.

साक्षीदार २: (सही) वेंडेल क्रायडर. हार्लन ब्रेनेमन यांनी माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही. चांगली फळी त्यांनी घरात ठेवली नव्हती, याचाही मी साक्षीदार आहे.