जोपसाहेबांना हसावंच लागलं

डाकार,
शुक्रवार, दुपारची नमाज आटोपून

सोख्ना आत्यास मगातचा आदरपूर्वक सलाम.

तुझी तब्येत शांत, घर शांत, शेळ्या शांत आणि (अल्लाच्या मनात असेल तर) शेजारीणही शांत असेल, असं धरून चालतो. माझं म्हणशील तर दाढ दुखते, गुडघा दुखतो, घरमालक दारात दिसतो. पण तुझा भाचा सध्या हत्तीवरून साखर वाटायच्या बेतात आहे. माझा सिनेमा लागला, आत्या! एक चित्रसुद्धा न कापता लागला!

गोष्ट तुला ठाऊकच आहे. मंत्री गावोगाव नळाचं उद्घाटन करत फिरतो आणि नळ एकच. फीत कापली, टाळ्या झाल्या, की नळ उपटून गाडीच्या डिकीत आणि गाडी पुढच्या गावाला. (खाली पाइपच नाही, हे मंत्र्यालाही ठाऊक नसतं. एवढी दया मी दाखवली आहे.) मधेच तो आईला भेटतो, तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलतो आणि शेजारी उभा दुभाषा ते तिला आपल्या वोलोफमध्ये समजावतो. ह्या सिनेमापायी मी अब्बांची होडी विकून फुंकली. परवानगी मिळाली नसती, तर तुझ्या दारी येऊन शेळ्या राखण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

परवानगी देणाऱ्या मंडळाचे प्रमुख आमात जोप. पॅरिसला शिकलेले, भर उन्हात कोटाच्या आत आणखी जाकीट घालणारे. सिनेमा संपला, दिवे लागले, तसे त्यांनी विचारलं, हा मंत्री कोण? मी म्हटलं, कुणीच नाही साहेब. "मग तो माझ्यासारखा खोकतो कसा?" त्यांनी निकाल दिला की मंत्री, नळ आणि आई एवढं काढा, बाकी सिनेमा सुंदर आहे. बाकी म्हणजे एक रस्ता आणि एक गाढव. (गाढवाचं काम खरंच चांगलं झालंय, पण ते असो.)

माझी जीभ तुला माहीत आहे. तुझ्यावरच गेली आहे. मी ताडकन उठून म्हणालो, "अरे जोप, तुम्ही सगळे जोप जन्माचे खादाड! भात संपला की परात चाटता. आता देश संपला की काय चाटणार?" एकानं माझ्यापासून खुर्ची सरकवली. साहेब लालबुंद होऊन फ्रेंचमध्ये सुरू होणार, तोच मंडळातल्या एक जाडजूड बाई पंख्यानं वारा घेत म्हणाल्या, "आमातसाहेब, जपून हं! तो न्जाय कुळातला आहे. न्जायवर चिडलात तर लोक म्हणतील, हा जोप नव्हेच, कुठून तरी उचलून आणलेला दिसतो."

संपलंच की! न्जायनं जोपला भर बाजारात खादाड म्हणावं, जोपनं हसून न्जायला गुलाम म्हणावं आणि जो रागावेल त्यानं कुळाची लाज घालवावी, ही सोय आपल्या पूर्वजांनी उगीच का करून ठेवली? साहेब खाली बसले. कॉलर सैल केली आणि कितीतरी वर्षांनी तोंडात वोलोफ आल्यासारखे म्हणाले, "न्जाय, गुलामा माझ्या! तुझा आजोबा आमच्या घरच्या बारशाला इतका जेवला, की त्याला चटईत गुंडाळून घरी पोचवावं लागलं!" (हे खोटं नाही, आत्या. तू होतीस तिथं.) सगळे पोट धरून हसले. मी लोखंड तापलंय हे पाहून घाव घातला. म्हटलं, साहेब, सिनेमातला मंत्रीही जोपच आहे. अख्खा सिनेमा म्हणजे न्जायनं जोपांची केलेली थट्टा. (तोवर त्याला आडनावच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज भरून घातलं.) थट्टेवर बंदी कशी घालणार? साहेबांनी मुकाट सही केली.

पहिल्या खेळाला एका बाजूला सगळे न्जाय, दुसऱ्या बाजूला सगळे जोप, मधे कोळणी. नळ तिसऱ्यांदा डिकीत गेला, तेव्हा एक म्हातारा उठून पडद्याला म्हणाला, "ए, तो आमच्या गावचा नळ आहे! परत द्या!" मग अख्खं थिएटर ओरडू लागलं, परत द्या, परत द्या! पहिल्या रांगेतल्या बड्या मंडळींनाही ओरडावं लागलं. आत्या, मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. होडी गेल्याचं मला आता काही वाटत नाही.

घरातल्या लहानथोरांना, ज्यांची नावं राहिली त्यांनाही, सलाम.

तुझाच,
मगात

ता. क. सुकी मासळी पोचली. पिशवीला भोक होतं, मांजरालाही पोचली.

आणखी एक. वर लिहायचं राहिलं. जोपसाहेबांना बढती मिळाली आणि त्यांच्या जागी आपल्या थोरल्या काकांचा इद्रिसा आला. घरचाच माणूस म्हणून मी मिठाई घेऊन गेलो. त्यानं मिठाई खाल्ली आणि आज सकाळी सिनेमा बंद केला. म्हणतो, "ही आता माझ्या खुर्चीची थट्टा. जोपनं केली असती तर हसलो असतो. तू घरचा, तुझे कान उपटीन." न्जायनं न्जायला हसावं असा नियम नाही, हे त्याचंही खरंच.

शेवटचं आणि मुद्द्याचं. आता सिनेमा कुणा जोपच्या नावावर हवा आणि मंत्री न्जाय हवा. मंत्र्याचं मी बघतो. गेल्या ईदला तू न्गोने जोपचं स्थळ सुचवलंस आणि मी उठून गेलो, ते मनावर घेऊ नकोस. आपल्यात बायको लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, ही पूर्वजांची केवढी दूरदृष्टी! आजच तिच्या घरी मागणी घालायला जा. तिला इद्रिसासमोर उभं राहून खणखणीत शिव्या देता येतात का, एवढं विचार. बाकी माझी काही अट नाही.