करवतकाठाचे तुकडे

६ जानेवारी २०२५, बेसा, नागपूर

भांडी तशीच पडली. मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीच्या विलायती बायांच्या चपलांचे फोटो पाहत बसले — टाच केवढी उंच! घालून कुठे जात असतील? मी तीन महिन्यांत चौकातल्या मेडिकलच्या पुढे गेले नाही. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याकडे. हे लिहितेय तेही ते झोपलेत म्हणून.

९ जानेवारी

बाबांच्या पेटीत लुगड्यांचे तुकडे निघाले. उमरेडला माग चालवायचे, तेव्हाचे नमुने. करवतकाठी — काठाला करवतीसारखे दाते. एका तुकड्यावर दाते चक्क उलटे! विचारलं, तर म्हणाले, एका नवरीनं हट्टानं तसं विणून घेतलं होतं. मग तासभर बोलत राहिले. दहा वर्षांत माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

१४ जानेवारी

तुकड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले होते. ते पाहून देवकी नावाच्या एका मॅडमचा फोन आला. त्या सीताबर्डीला जुन्या लुगड्यांचं प्रदर्शन मांडतायत. सहा आठवडे रोज येऊन काठ ओळखायला मदत कराल का, म्हणाल्या. मी हो म्हणून बसले!

१५ जानेवारी

नवऱ्याला, पंकजला, सांगितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. जेवता जेवता म्हणाला, "बाबाले कोण पाहीन?"

मी म्हटलं, बाई ठेवू. बाबा परक्या बाईला अंगाला हात लावू देत नाहीत, असं म्हणाला. खरंच आहे ते.

"फोटो तं घरबसल्या पाहूनच राहिली ना तू."

आतल्या खोलीत बाबा जागे होते. एक शब्द बोलले नाहीत. फार राग आला त्यांचा. मग त्या रागाचीच लाज वाटली.

१८ जानेवारी

देवकी मॅडमना ‘जमणार नाही’ असं कळवायचंय. अजून कळवलं नाही.

२० जानेवारी

बाबांचे पाय पुसताना बोलले नाही.  दुपारी त्यांनी माझा फोन मागितला. दिला आणि पोळ्या लाटायला गेले.

२२ जानेवारी

सकाळी मायाताई, माझी नणंद, उमरेडहून गाडी घेऊन दारात. बाबांनीच बोलावलं होतं. सहा हप्ते मी पोरीकडे राहतो, असं त्यांनी पंकजला सांगून टाकलं.

मी त्यांची औषधं पिशवीत भरत होते. हळूच म्हणाले, "पंकजच्या मायलेबी मी असंच बसवून ठेवलं होतं. जलमभर. तू जाय वं."