खोलीपेक्षा थंड

सर, तुम्ही गेलात तेव्हा तुमचा मुलगा शाळेत होता. आता तो चष्मा लावतो, तुमच्यासारखाच एक खांदा खाली टाकून चालतो, आणि गेल्या महिन्यापर्यंत माझ्या हाताखाली कामाला होता. त्याचं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं असं मला फार वाटतंय, आणि माझ्याशिवाय कुणी ते सांगणार नाही. तुमच्या कंप्युटर हार्डवेअरच्या बॅचला एकच मुलगी होती, खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. ती मी. तुम्हाला मी आठवणार नाही याची मला खात्री आहे, कारण तुमच्या दृष्टीनं तुम्ही माझ्याशी वेगळं असं काहीच वागला नव्हता.

तुळजापूरच्या बस स्टँडमागं एका लॉजच्या वरच्या मजल्यावर तुमचा क्लास होता. खाली यात्रेकरूंची गडबड, सोलापूरच्या गाडीच्या नावानं ओरडणारा कंडक्टर, आणि वर तुमचा आवाज. लॉजवाल्यांची, फोटोवाल्यांची मशीनं दुरुस्तीला यायची. उघडली की प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि खालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत हळदकुंकू आणि कापराची काजळी बसलेली असायची. दसऱ्याला तर लोक पूजेचं कुंकू थेट जाळीवर लावायचे आणि पंखा ते आत ओढून घ्यायचा. ते ब्रशनं झाडून काढायचं काम माझं, कारण झाडलोट मुलीला शिकवावी लागत नाही असं तुमचं म्हणणं. मला त्याचा राग नव्हता. पाती स्वच्छ झाली की मशीन किती शांत चालतं हे मला त्या कामातच कळलं, आणि या धंद्यात मला गोडी लागली ती तिथंच. त्याचं श्रेय तुम्हाला देणार नाही, ते कुंकवाला देते.

तुमचं ते बोट सगळ्या तुळजापुरात प्रसिद्ध होतं. मशीन चालू ठेवायचं, पात्यांना बोट लावायचं, डोळे मिटायचे आणि तापमान सांगायचं. मग आम्ही एकेकानं बोट लावून तोच आकडा म्हणायचा. तुम्ही पन्नास म्हणालात की वर्गभर पन्नास, पन्नास, पन्नास. त्या दिवशी मशीनवर सुरुवातीचा निळा पडदा उघडा होता, ज्यात प्रोसेसरचं तापमान मशीन स्वतःच दाखवतं. माझी पाळी आली. मी बोट लावलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, इथं चौसष्ट दिसतंय." तुम्ही चिडला नाहीत, हे मला अजून आठवतं. तुम्ही हसलात. "मशीन मोठं का मी मोठा?" असं विचारलंत, आणि हात घालून पंख्याची पिन काढलीत. "आता बोट ठेव. पन्नास म्हण, मग काढ."

पंखा थांबला की पाती किती भराभर तापतात, हे तुम्हाला माहीत होतंच. माझं बोट तिथं आहे, तुमची दोन बोटं माझ्या मनगटावर आहेत, जोरानं नाहीत, नुसती टेकलेली. पडद्यावरचा आकडा चढतोय. मागं कुणीतरी हसतंय, मग दुसरा, मग सगळे. तुम्ही त्यांना सांगताय की पोरीच्या जातीला चुलीची सवय असती, हिला एवढं बी सोसंना. मी ओठ मिटून उभी आहे आणि मनात म्हणते आहे की पन्नास नाही म्हणणार, मेले तरी नाही म्हणणार. पडद्यावर सत्तर आलं आणि मी पन्नास म्हणाले. तुम्ही लगेच हात काढून घेतलात, पिन लावलीत आणि पुढच्या मुलाला बोलावलंत. घरी मी तव्याला पोळलं म्हणून सांगितलं. आईनं त्यावर गार पाणी ओतलं आणि भाकऱ्या थापायला बसवलं. त्याच आठवड्यात तुम्हाला मुलगा झाला. तुम्ही वर्गात पेढे वाटलेत, मलाही दिलात, आणि फोड आलेल्या बोटामुळं तो मला डाव्या हातानं घ्यावा लागला तर उजवा हात पुढं कर म्हणून दटावलंत.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला समजेल. तामलवाडीजवळ सोलापूर रस्त्याला एक शेड आहे, तिथं कंप्युटरचे कूलर बनतात. तेच ते, पाती आणि पंखा. ते किती चांगले आहेत हे तपासायची खोली माझ्या ताब्यात आहे. आम्ही प्रोसेसर वापरत नाही, कारण दोन प्रोसेसर कधी सारखे तापत नाहीत. त्याच्या जागी तांब्याचा एक ठोकळा आहे. आत हीटर बसवलाय आणि त्याला किती वीज द्यायची ते आम्ही ठरवतो. ठोकळ्यात तापमान मोजणारी एक बारीक तार, आणि पंखा जिथून हवा ओढतो तिथं दुसरी. ठोकळा आणि त्यावर बसवलेला कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट दर वेळी तेवढीच, स्क्रू दर वेळी तेवढेच आवळायचे, पंख्याचा वेग ठरलेला. मग आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची. थांबला की ठोकळ्याच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं. उरतो तो कूलरचा खरा आकडा. तो जितका कमी तितका कूलर चांगला. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर जाळ असतो आणि डिसेंबरात गारठा, त्यामुळं हे वजा केलं नाही तर कुठलाच कूलर दुसऱ्या कूलरशी ताडून बघता येत नाही. खोलीला एसी आहे, शेडमध्ये तेवढाच एक. मालकांची आई उन्हाळ्यात खुर्ची घेऊन आत बसायला आली होती. माणूस बसलं की हवा तापते असं सांगून मी त्यांनाही बाहेर काढलं. मला माणसं बाहेर काढायला आवडतं, हे मी लपवत नाही.

आणि हो, आज मला हेही माहीत आहे की पात्यांचं तापमान आणि चिपचं तापमान वेगळं असतं. म्हणजे त्या दिवशी तुमचे पन्नास पात्यांपुरते बरोबरही असतील. पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. असतं तर तुम्ही दोन वाक्यांत मला समजावून सांगितलं असतं आणि मी जन्मभर तुमचं नाव घेतलं असतं. माझी त्या बॅचमधल्या एकाशी मध्यंतरी गाठ पडली, तर तो म्हणाला की त्या काळचे मास्तर तसेच होते, तुमच्यावर घरची ओढाताण होती, लॉजवाले तुम्हाला कुत्र्यासारखं राबवायचे. असेल. मी ते सगळं वजा करून बघितलं सर, वजाबाकी हे माझं रोजचं काम आहे. जे उरतं ते भरपूर आहे.

तुमचा मुलगा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला. अर्जावरचं आडनाव बघून मला शंका आली होती, आणि त्याला चालत येताना बघितल्यावर ती उरली नाही. त्यानं स्वतःच सांगितलं, वडलांचा तुळजापुरात क्लास होता, तुम्ही तिकडच्या म्हणजे ऐकलं असंल. मी ऐकलंय म्हणाले. तो खूश झाला. "पप्पांचं बोट म्हंजे थर्मामीटर होतं, मॅडम," असं तो त्या तारांच्या आणि मीटरच्या खोलीत उभा राहून मला सांगत होता. पोरगा वाईट नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. हात हलका आहे, पेस्ट मोजून लावतो, स्क्रू आवळताना घाई करत नाही, मी यायच्या आधी खोली झाडून ठेवतो. तो परीक्षेवर होता, आणि त्याला कायम करायचं की नाही हे माझ्या सहीवर होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचं एक स्थळ त्याला सांगून आलं होतं, मुलगी त्याला पसंत होती, पण मुलीच्या वडलांनी कायम झाल्यावर बघू असा निरोप दिला होता. हे त्यानं मला लाजत लाजत सांगितलं, आणि त्याच्या आईनंही देवीला नवस बोललाय म्हणाला.

डबा खाताना तो तुमच्या गोष्टी सांगायचा. तुम्ही जेवायला बसून आमटीत मीठ नाही म्हणालात की नसायचं. आई गुपचूप मीठ घालायची, तुम्ही दोन घास खाऊन उठायचात, आणि मग ती खारट आमटी त्या दोघांनी संपवायची. टाकून दिली तर तुम्ही चुकलात असं झालं असतं ना. हे सांगताना तो हसत होता. त्याला ती घरातली गंमत वाटते. मी माझा डबा झाकला, आणि या मुलाची परीक्षा कशी घ्यायची हे मला तिथंच सुचलं.

रीत अशी आहे की कायम करायच्या आधी नव्या माणसानं तीन कूलर एकट्यानं तपासायचे. खोलीत तो एकटा, मी काचेबाहेर माझ्या टेबलावर. आतल्या मीटरचा आकडा मला बाहेरही दिसतो, आणि हे त्याला माहीत आहे, पहिल्या दिवशी मीच दाखवलं होतं. पहिला कूलर त्याच्या हातात देताना मी सहज बोलल्यासारखं म्हणाले की हा मागच्या खेपेला अडतीसवर थांबला होता. खोटं होतं, तो कूलर कुणी तपासलेलाच नव्हता. त्यानं बसवला, वाट बघितली, आकडा थांबला. वजाबाकी शेहेचाळीस येत होती. त्यानं कागदावर अडतीस लिहिलं. दुसऱ्याच्या वेळी मी पस्तीस म्हणाले, मीटरवरून चव्वेचाळीस येत होते, त्यानं पस्तीस लिहिलं. तिसरा कूलर देताना मी म्हणाले, "हा फार भारी आहे. ठोकळा खोलीपेक्षाही दोन अंशांनी थंड राहतो."

सर, तुम्हाला कदाचित समजणार नाही म्हणून सांगते. पंखा खोलीतलीच हवा ओढतो. ती हवा लावून एखादी तापती वस्तू खोलीपेक्षा थंड होणं या जगात शक्य नाही, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तो कूलर घेऊन आत गेला. नेहमीसारखाच नीट बसवला. आकडा थांबल्यावर तो बराच वेळ मीटरसमोर उभा होता. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग त्यानं काचेतून माझ्याकडं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं खाली वाकून लिहिलं.

मी त्याला बाहेर बोलावलं आणि कागद पुढं ठेवला. असं होऊ शकतं का, विचारलं. तो म्हणाला, न्हाय होऊ शकत. मीटर काय दाखवत होता, तर वजा करून बेचाळीस, असं त्यानं बिनचूक सांगितलं. पहिल्या दोन कूलरचे खरे आकडेही त्याला पाठ होते. म्हणजे चुकून काहीच झालं नव्हतं.

"मग लिहिलं का?"

"तुम्ही म्हणलात ना, मॅडम," तो म्हणाला. मग कागद सरळ करत म्हणाला, "मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं."

त्याच्या मनगटावर कुणाचीही बोटं नव्हती, सर. खोलीत एसी चालू होता. मला पन्नास म्हणायला लावायला तुम्हाला पंखा बंद करावा लागला होता, त्याच्यासाठी मला फक्त बोलावं लागलं. तुमचं काम तुम्ही घरी किती पक्कं करून ठेवलं होतं ते मी त्या दिवशी बघितलं. मी शिफारस करत नाही असं लिहून सही केली. मालक म्हणाले, पोरगा चांगला हाय की वो, पण मी कागद दाखवल्यावर त्यांनी तो फायलीत घातला. जो माणूस वरिष्ठांचा आकडा लिहितो तो तपासणीच्या खोलीत चालत नाही. यात कुणीही माझी चूक काढू शकणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. निघताना तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी पाय मागं घेतले नाहीत. मी तुमची विद्यार्थिनी होते हे त्याला सांगितलं नाही. वाशीच्या लोकांनी मुलगी दुसरीकडं द्यायचं ठरवलं, असं त्याच्या जागी आलेला, त्याच्याच गावचा मुलगा परवा सांगत होता.

तुमच्या घरचा पत्ता त्याच्या अर्जावर आहे. तुमच्या फोटोपुढं ठेवा म्हणून हे तिथं पाठवता येईल, असं क्षणभर वाटलं, पण फोडून वाचणार ती तुमची बायको, आणि तिनं तुमच्या वाटची आमटी पुष्कळ खाल्ली आहे. तेव्हा हे इथंच राहील. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की सगळा दोष तुमच्या पदरात घालून उठेन, आणि तो तुमचाच आहे. फक्त एक गोष्ट तुमची नाही. पहिला आकडा खोटा निघाला की परीक्षा तिथंच थांबवायची असा आमच्याकडं नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. त्या मुलाचा निकाल अडतीसला लागला होता. पुढचे दोन कूलर मी माझ्या आनंदासाठी आत पाठवले.