ओढणीची कोर

तांडा, आखाडा बाळापूर
४ फेब्रुवारी २००३

चि. निलमला सुदामदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आमी खुशाल. याडी सांगून राहिली, मी, तिचा लेक, लिहून राहिलो. तिचं म्हणणं, तिच्या लग्नातली आरशांची ओढणी तुझ्या वहिनीनं, शिलानं बदलली. डोक्यावरून घेतली की घोट्यापाशी थांबायची, आता जमिनीला लागते. परवा हळदीच्या कार्यक्रमात कोर पायात अडकली, पडता पडता वाचली. खरी ओढणी शिलानं बहिणीला देऊन तशीच दुसरी शिवून ठेवली, असा याडीचा वहीम. शिलाला विचारलं तर नुसती रडते. मलाही आता शंका येऊन राहिली. याडी तिच्या हातचं पाणी घेत न्हाई, होळीआधी हिला माहेरी सोड म्हणते. पाठीच्या तकलीफीनं ती तशीच वैतागलेली. काय करावं कळव. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा
सुदाम


नांदेड
९ फेब्रुवारी २००३

ती. सुदामदादास निलमचा सा. न., वि. वि.

पत्र मिळालं. मी अजून कोणाच्याच बाजूनं नाही. रडणं कशाचाच पुरावा नसतो. कापड धुतल्यावर आटतं, वाढत नाही, म्हणून ओढणी बदलली असू शकते. पण आधी एक बघ. चुलीच्या ठिणगीनं ती जळाली होती, तेव्हा याडीनं मला रफू करायला बसवलं होतं. हिरवा दोरा संपला होता, मी निळा वापरला. डाव्या कोपऱ्यात, आतून. नक्कल करणाऱ्याला ते दिसणार नाही. शिलावहिनीला न सांगता बघ आणि तोवर तिला कुठेही पाठवू नकोस. लोभ ठेव, वहीम जरा बाजूला.

तुझी
निलम


तांडा
१५ फेब्रुवारी २००३

निलमताईंना शिलाचा नमस्कार, वि. वि.

ह्यांनी चोरून पेटी उघडली तेव्हाच समजले की तुमी सांगितलं असेल. निळा दोरा आहे. ओढणी तीच. तर आता आत्याबाई, तुमची याडी, म्हणतात, मी कोर उसवून लांब केली.

एक सांगते. मी बोलले तर उलटं पडेल. शिंकं त्यांनीच टांगलं होतं, आता त्यांचा हात तिथं पुरत न्हाई. गेल्या साली वसमतला हळदीचं पोतं उचललं, तवापासून पाठ धरली अन् वाकून चालतात. तुमी दवाखान्यात हाडांचे फोटो काढता, तर त्यांच्या पाठीचा काढा. मी घेऊन येते. रागानं लिहिलं, पण तुमच्यावर राग न्हाई.

शिला


नांदेड
२६ फेब्रुवारी २००३

ती. सुदामदादास निलमचा सा. न., वि. वि.

याडीचा एक्स-रे मीच काढला. दोन मणके पुढून चेपलेत. वसमतला नुसती पाठ धरली नव्हती, मणका मोडला होता. ओढणी वाढली नाही, याडी कमी झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गर्भपिशवी कधी काढली. तिशीच्या आत, याडी म्हणाली. अशा ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली की हाडं लवकर विरळ होतात आणि मोडेपर्यंत दुखत नाहीत. औषध वहिनीला समजावलंय. दूध, तीळ, नाचणी, सकाळचं ऊन, रोज थोडं चालणं. मिसरी बंद. वाकून ओझं उचलणं कायमचं बंद.

याडीला हे पटलं असं समजू नकोस. मशीन तुझी, तू म्हणशील तसंच दाखवणार, म्हणाली. मग स्वतःच ओढणी वहिनीच्या डोक्यावर टाकून बघितली. घोट्यापाशी थांबली. बराबर बसते तर हिनंच वापरावी, पण कापायची नाही, म्हणाली. पाणी मात्र वहिनीच्याच हातून मागितलं.

आता तुझ्याकडे. वहिनीचीही गर्भपिशवी दोन वर्षांपूर्वी काढली, एकतिसाव्या वर्षी. काढायला कोणी सांगितलं, काय काय काढलं, हे तिनं नाही, तू लिहायचंस. आणि तिला दाराच्या चौकटीला उभी करून डोक्याशी खूण कर. माझा लोभ तुझ्या उत्तरापर्यंत राखून ठेवते. ओढणी पुन्हा जमिनीला लागली, तर चोर शोधू नकोस. आधी ती खूण बघ.

तुझी
निलम