लंगड्या चोराला पाणी

मंगळवार, दिवेलागण

नातीनं आज मला दुष्ट म्हटलं. मला! कशावरून, तर मोबाइलातल्या लंगड्या चोरावरून.

त्या खेळात तो वाटेत पडून पाणी मागतो. पाणी द्यायचं की काठी घालायची, ते आपण ठरवायचं; पाणी दिलं की पुण्य जमतं, काठी घातली की सगळं जातं. सोनल दरवेळी पाणी देते आणि तो दरवेळी तिचं गाठोडं घेऊन पळतो. आज मी मोबाइल ओढला आणि काठी घातली. लय बरं वाटलं.

"आजी, माझं सगळं पुण्य घालवलंस!"

"पुण्य कसलं? लुटून घ्यायची हौस तुला."

रडली. रडू दे. मनमाडच्या स्थळालाही ती असंच पाणी देतेय. नोकरी सोड म्हणाले, हो म्हणाली. पोरगा तोंडावर जाडी म्हणाला, तर हसली. मग आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. हा चांगुलपणा की भित्रेपणा? पंचवटीत भाजी विकताना त्या पोरासारख्या तोंडाळ गिऱ्हाइकाला मी मेथीच्या जुडीला हात लावू देत नाय. खेळातला चोर परवडला, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू तरी करता येतं.

उद्या होकार विचारायला त्यांचा फोन येणार. हो म्हणाली, तर पुढं रडायला माझी मांडी मिळायची नाय. फोन तिच्या बापानं उचलायचा नाय, आईनं नाय, मीही नाय. सोनलनंच उचलायचा आणि स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायचं.