दहावं नाव

गडहिंग्लज,
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय दादा, प्रभूमध्ये सलाम.

वहिनींना आणि मोनाला सलाम सांग. सगळे खुशाल असाल, असं सवयीनं लिहिणार होतो. दादा, आई पहाटे गेली. हे पत्र घेऊन आलेला गुंडू माझ्या मंडळीतला, म्हणून त्याला दारातून हाकलू नकोस. मीच आलो असतो, पण तू कडी लावशील.

तिला आबांशेजारी पुरायचं आहे. मरताना तेवढं एकच मागितलं तिनं. आमच्या मंडळीला सात वर्षं झाली, प्रार्थनाघरावर पत्रे आले, पण दफनभूमी नाही. सकाळी तुमच्या पंचांकडे गेलतो. “तुमच्यात बुडी मारलेल्यांना हितं जागा न्हाय, पावणं.” आबांच्या मंडळीत मी पावणा! तळपायाची आग मस्तकात गेली. पण चूक त्यांची नाही. तुमच्या वहीत आईचं नाव खोडलं गेलं, ते माझ्यामुळं.

कसं लिहू? लहानपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी आम्ही बाप्तिस्मा धरत नाही, मोठेपणी नदीत बुडवतो. त्यावरूनच आपलं वाजलं. मंडळीची नोंद व्हायला बुडी घेतलेली दहा माणसं लागत होती. नऊ झाली होती. आई माझ्या हट्टाखातर हिरण्यकेशीत गुडघाभर उतरली आणि थांबली.

“माझा बाप्तिस्मा झालाय की रं. परत बुडवून आनी काय नवा देव देनार हायस?”

लुगडं पिळत घाटावर जाऊन बसली. मी दहावं नाव तिचंच लिहिलं, तानूबाई.

मंडळीच्या इतिहासाचं पुस्तक छापलं, त्यातही तेच. ते वाचून तू आईशी बोलणं टाकलंस. ती विचारायची, “आकाराम का येत न्हाय रं?” मी म्हणायचो, कामात असेल. खरं सांगितलं तर मंडळी मोडेल, या भीतीपायी मी तिला तुझी वाट बघायला लावली. मला माफ करू नकोस.

तिनं बुडी घेतली नाही, दादा. ती शेवटपर्यंत तुमचीच होती. हे पत्र पंचांना मोठ्यानं वाचून दाखव. माझ्या लोकांना मी दुपारी सांगतो, मग ते काय करायचं ते करोत. दफनाला मला आत घेऊ नका, मी फाटकाबाहेर थांबेन. पण दिवस मावळायच्या आत ये. पाया पडतो, आईला घेऊन जा.

तुझा,
बाळासो

(सहीपुढं सवयीनं ‘मंडळीचा पाळक’ लिहिलं होतं. ते काढलं आहे.)